तारखेला सोबत येणाऱ्या बाया : पाचपैकी चार

स्टार द्यायचे तर पाचपैकी चार. पाचवा का कापला ते पुढे येईल, आणि तो कापताना मला बरं वाटलेलं नाही.

या सेवेची जाहिरात कुठे लागत नाही. मुलं बाल कल्याण समितीपुढे (एकट्या सापडलेल्या मुलांचं पुढे काय करायचं ते ठरवणारी सरकारी समिती) गेलेली असली, बालगृहात ठेवलेली असली, की त्यांच्या आईबापांसोबत तारखेला येऊन बसायचं. कागद तपासून द्यायचे, आत काय विचारतील ते आधी सांगायचं, मुलं घरी आल्यावरही सहा महिने येत-जात राहायचं. पैसे शून्य. नाशिकमधली एक लहानशी संस्था हे करते. पगारी माणसं दोन, बाकी तीन-चार जणी जमेल तशा. नाव लिहीत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलांची ओळख पटेल असं काही छापायला बंदी आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय संस्थेचं नाव लिहिलं की आमच्या गल्लीला धागा पकडायला कितीसा वेळ लागणार? ज्यांना गरज आहे त्यांना समितीच्या बाहेरच्या बाकावर या बाया सापडतातच. हिरवी कापडी पिशवी आणि पिशवीत शंभरपानी वह्या, ही खूण.

आता माझं थोडक्यात. नाशिकरोडला जेल रोडच्या अंगाला भाड्याच्या दोन खोल्या. सिन्नरच्या एमआयडीसीत पॅकिंगला आहे. नवरा आहे, पण रेशनकार्डावर. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची, मुलगा सात. तिसरी पाळी लागली की पावणेदहाला बिटको चौकातून कंपनीची बस. मुलांना जेवू घालायचं, मुलीला आतून कडी लावायला सांगायचं, शेजारच्या आजींच्या दारावर थाप मारून 'निघाले हो' म्हणायचं आणि पळायचं. दोन वर्षं असंच चाललं होतं. चाललं होतं म्हणजे काही झालं नव्हतं, एवढंच.

जुलै २०२४ मधल्या एका मंगळवारी मुलाला रात्री ताप चढला. आजी त्या दिवशी लेकीकडे गेल्या होत्या. मी घाईत थाप मारली, उत्तराची वाट पाहिली नाही. मुलीने मला फोन लावले. कंपनीत आत फोन नेऊ देत नाहीत, तो लॉकरमध्ये. सकाळी पाहिले तेव्हा सतरा कॉल होते. शेवटी तिने भावाला स्वेटर, त्यावर रेनकोट घातला आणि कडी काढून बिटकोला आली, कारण आई तिथून बसते एवढं तिला माहीत होतं. बस कुठे जाते ते माहीत नव्हतं. दुकानं बंद झालेली. मग दोघं चालत स्टेशनवर गेली. 'तिथे उजेड होता,' एवढंच ती नंतर म्हणाली. फलाटावर रेल्वे सुरक्षा दलाच्या एका बाईंनी त्यांना पाहिलं तेव्हा पावणेदोन वाजले होते.

मी साडेसातला घरी आले तर दार सताड उघडं. पुढचा अर्धा तास कसा गेला ते लिहीत नाही. समोरच्या कॉलेजातल्या मुलाने १०९८ लावून दिला. हा नंबर मुलांसाठीचा, १९९६ ला मुंबईत सुरू झालेला. २०२३ पासून तो सरकारच चालवतं आणि ११२ शी जोडलेला आहे. फोनवरच्या माणसाने नावं, वयं, अंगावरचे कपडे विचारले, आणि आवाज न चढवता म्हणाला, 'फोन ठेवू नका.' तीन-चार मिनिटांनी : 'ताई, मुलं सापडली आहेत, सुखरूप आहेत.' त्या एका वाक्याला माझ्याकडून पाचपैकी पाच. पुढचं वाक्य होतं, 'आज समितीपुढे हजर करतील, तुम्ही कागद घेऊन तिथे या.' कसले कागद, कसली समिती, मला काहीच कळलं नाही.

कायद्यात आहे की असं मूल सापडलं की प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत समितीपुढे न्यायचं. मी पोचले तेव्हा मुलं आत जाऊन आली होती आणि आदेश झाला होता : चौकशी होईपर्यंत बालगृह. मुलींचं वेगळं, मुलांचं वेगळं, म्हणजे दोघं दोन ठिकाणी. दहा मिनिटं भेट झाली. आज थंड डोक्याने विचार केला तर त्या खुर्चीत बसून मीही मुलं लगेच दिली नसती. तापलेलं पोर मध्यरात्री फलाटावर आणि आई कुठे आहे ते कुणाला माहीत नाही, दुसरं काय ठरवणार? पण त्या दिवशी मी बाकावर बसून ज्या शिव्या मनात दिल्या, त्या लिहिण्याजोग्या नाहीत.

बाकावर शेजारी साठीतल्या एक काकू येऊन बसल्या. नऊवारी नाही, चष्म्याला दोरी नाही, म्हणजे आपण समाजसेविका म्हटलं की डोळ्यापुढे जे येतं त्यातलं काही नाही. फिकट पंजाबी ड्रेस, पायात प्लॅस्टिकच्या चपला. मला वाटलं ही पण कुणाची तरी आई किंवा आजी. त्यांनी रडू नको म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. म्हणाल्या, 'पेन आहे का तुझ्याकडे?'

पेन नव्हतं. त्यांनी दिलं, आणि पिशवीतून वही काढून माझ्या मांडीवर ठेवली. 'लिही. आज काय ठरलं, कुणी सांगितलं, पुढची तारीख कोणती, कोणता कागद आणायचा. चारच गोष्टी. रोज लिहायच्या. इथे माणूस सांगतो एक, आपण ऐकतो दुसरं आणि घरी जाऊन आठवतं तिसरंच.'

मी बारावी आहे, पण त्या दिवशी 'बालगृह' शब्द तीनदा खोडला. ती वही अजून माझ्याकडे आहे. पहिल्या पानावरचं अक्षर माझं वाटत नाही. काकूंचा नियम असा की लिहायचं पालकाने, त्यांनी नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी त्या लिहितात, पण मग वाचून दाखवतात आणि खाली अंगठा नाही, काहीतरी चित्र काढून घेतात. एका आजोबांनी प्रत्येक पानाखाली बैल काढला होता. पुढच्या तारखेला बैल पाहिला की त्यांना ते पान आठवायचं.

दुसऱ्या तारखेला गेटबाहेर एक इसम भेटला. इस्त्रीचा शर्ट, बगलेत फाइल. 'आठ हजार द्या, पंधरा दिवसांत मुलं काढून देतो.' माझ्याकडे दोन हजार होते आणि मी ते द्यायला निघालेही होते. काकूंनी लांबूनच हाक मारली, 'अगं, इकडे ये आधी.' मग समजावलं : समितीपुढे वकील लागतोच असं नाही, आणि लागला तर तो फुकट मिळतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात बाईला आणि मुलाला उत्पन्न न बघता मोफत वकील आहे. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, फोन १५१००. त्या इसमाकडे बघून काकू एवढंच म्हणाल्या, 'हा मुलं काढत नाही. समिती मुलं देते तेव्हा हा जवळ उभा असतो.'

संस्थेत दुसरी एक ताई आहे, एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्याची पदवी घेतलेली, पंचविशीतली. कायद्याचं काम तिचं. तिने पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, 'दोन महिने धरून चाला.' मला ती त्या क्षणी आवडली नाही. बाकी सगळे 'होईल हो लवकर' म्हणत होते. तिने कायदाच सांगितला : सामाजिक तपासणी १५ दिवसांत व्हायला हवी आणि पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश. म्हणजे चार महिन्यांची कमाल मुदत आहे, आपण त्याच्या अलीकडे यायचा प्रयत्न करू. मला ६६ दिवस लागले. 'दोन महिने' ऐकून मी कंपनीत रजेचं आणि सुट्टीचं गणित त्या हिशेबाने मांडलं. 'लवकर होईल' वर विसंबले असते तर ऑगस्टात नोकरी गेली असती.

ताईने पकडलेली दुसरी गोष्ट माझ्या कधीच लक्षात आली नसती. मुलाच्या आधारकार्डावर पत्ता चाळीसगावचा होता, सासरचा. चाळीसगाव म्हणजे जळगाव जिल्हा. ती म्हणाली, 'हाच पत्ता पुढे केला तर घराची चौकशी जळगावकडे जाईल. तिथे तुम्ही राहतच नाही, मग अहवाल काय येणार?' बाकावरच्या एकीचं तसंच झालं होतं. पत्र दुसऱ्या जिल्ह्यात गेलं, तिथून 'सदर पत्त्यावर कुणी आढळले नाही' असं उत्तर आलं. मी भाडेकरार, दोन्ही मुलांच्या शाळेचे बोनाफाइड, वीजबिल आणि घरमालकाची चिठ्ठी पहिल्याच आठवड्यात जोडली. चौकशी जेल रोडलाच झाली.

गृहचौकशीला साहेब येणार म्हणून मी भांडी घासून लख्ख केली, भिंतीला चुना मारायचा विचार होता. काकू म्हणाल्या, 'भांडी कोण बघतंय? रात्री मुलं कुणाजवळ, ते दाखव.' आणि मग त्यांनी माझ्याकडून एक पान लिहून घेतलं. आजी आहेत. आजी नसल्या तर कोण? ती नसली तर कोण? तीन नावं, तिघींच्या सह्या, तिघींचे फोन. निफाडची माझी बहीण दुसऱ्या नावाला आली, खालच्या मजल्यावरची शिंपीण तिसऱ्या. आणि चौथ्या ओळीत कंपनीच्या गेटचा नंबर. हा काकूंनी विचारला तेव्हा मी गप्प झाले. चार वर्षं त्या कंपनीत जाते. गेटवर चोवीस तास वॉचमन, टेबलावर लँडलाइन. तो नंबर मी कधी घरी आणून ठेवला नव्हता. सतरा कॉल बंद लॉकरमध्ये वाजत राहिले आणि शंभर पावलांवर गेटचा फोन रिकामा होता.

पाळी बदलून मागायचा अर्जही त्यांनीच लिहायला लावला. सुपरवायझर आधी 'तीन महिने तरी थांबा' म्हणाला. मग एका पोरीला तिसरी पाळी सोयीची होती, तिच्याशी अदलाबदल झाली. कंपनीने लेटरहेडवर तसं लिहून दिलं आणि तो कागद अहवालाला जोडला गेला. मला वाटतं सगळ्यात जास्त वजन त्या कागदाचंच पडलं.

या सेवेतला सगळ्यात उपयोगी भाग म्हणजे काकूंची तालीम. तारखेच्या आदल्या दिवशी बिटकोजवळच्या एका चहाच्या टपरीवर, मी कामावरून उतरले की. काकू चष्मा नाकावर घेऊन समितीतल्या मॅडम व्हायच्या.

'रात्री मुलांना एकटं का सोडलं?'

पहिल्यांदा मी म्हटलं, 'मग काय करू, नवरा बघत नाही, भाडं कोण भरणार...' आणि रडायला लागले.

'थांब. मी भाड्याचं विचारलं का?'

'नाही.'

'मग जे विचारलं त्याचं उत्तर दे. रडू नको असं नाही. आधी उत्तर, मग रड.'

पाचव्या खेपेला उत्तर जमलं : माझी चूक झाली, आजी घरी आहेत की नाही ते मी पाहिलं नाही, आता पाळी बदलली आहे, आणि ही तीन नावं. चार वाक्यं. आत मला जवळजवळ हाच प्रश्न विचारला गेला. मी चार वाक्यं बोलले आणि मग रडले. मॅडमनी थांबून घेतलं, पाण्याचा ग्लास पुढे केला. टपरीवाल्याला मात्र शेवटपर्यंत वाटत होतं की काकू माझ्या सासूबाई आहेत आणि मला रोज छळतात. एकदा त्याने त्यांच्या चहात साखरच घातली नाही.

आता राखीचं. त्या वर्षी १९ ऑगस्टला, सोमवारी होती. मुलं एकमेकांना चाळीस दिवस भेटली नव्हती. मी दोघांना वेगवेगळी भेटत होते, एकाचा निरोप दुसऱ्याला देत होते. काकूंनी विचारलं, 'मागितलंस का?' असं मागता येतं हेच माहीत नव्हतं. माझ्या हातानं अर्ज लिहिला : भावंडांना रक्षाबंधनाला अर्धा तास भेटू द्यावं. मंजूर झाला. मी बाजारातून राखी नेली होती, चकचकीत, मोटू-पतलूची. मुलीने ती बाजूला ठेवली. तिने तिथे लोकरीची केली होती, लाल आणि निळी, कडेला गाठी जरा जास्तच. मुलगा आला. डोकं बारीक कापलेलं, त्यामुळे कान मोठे दिसत होते. ती त्याच्या कपाळाला हात लावून म्हणाली, 'ताप गेला का रे?'

तो म्हणाला, 'कधीच.'

मी तेव्हा भिंतीकडे तोंड केलं.

आणि इथेच तो पाचवा स्टार गेला. राखीच्या आधी, एकोणिसाव्या दिवशीच्या भेटीत मुलीने मला हळूच विचारलं होतं, 'मी कडी उघडली म्हणून ठेवलंय ना इथे?' एकोणीस दिवस ती हे धरून बसली होती. तिला वाटत होतं तिला शिक्षा झाली आहे, आणि तिच्यामुळे भावालाही झाली आहे. या एकोणीस दिवसांत काकू माझ्याशी आठ-दहा वेळा बोलल्या होत्या. ताईने माझे सगळे कागद लावले होते. माझ्या मुलीशी त्यांच्यापैकी कुणी पाच मिनिटं बोललं नव्हतं. समितीत तिला विचारलं होतं, घरी काय होतं, मारतं का कुणी, शाळेत जातेस का. तिने हो, नाही, हो अशी उत्तरं दिली होती. बालकाचं म्हणणं ऐकून घ्यायचं हे कायद्याच्या तत्त्वांतच आहे, आणि ते झालं. पण ऐकून घेणं वेगळं आणि सांगणं वेगळं. ती जिथे होती तिथे एका बाईंना मी म्हटलं, 'तिला जरा समजावून सांगा ना.' त्या म्हणाल्या, 'मुलं सांभाळायची तेव्हा आठवलं नाही का?' त्या जागेचं नाव मी लिहिणार नाही, पण ते वाक्य वहीत आहे, तारखेसकट.

मी हे काकूंना सुनावलं. चांगलंच सुनावलं. त्या काही बोलल्या नाहीत. ताई म्हणाली, 'आम्ही पालकांसाठी आहोत, आत मुलांसाठी समुपदेशक असतात.' असतात. पण माझ्या मुलीपर्यंत तो आला नव्हता. मग परवानगी काढून ताई गेली, तिच्याबरोबर बसून एक नकाशा काढला : आपलं घर, बिटको, स्टेशन, सिन्नर, हे बालगृह, ते बालगृह. आई रोज कुठून कुठे जाते, आता कोण काय ठरवतंय, तारीख कधी. आणि तिला सांगितलं की तू कडी उघडलीस, भावाला घेऊन उजेडात गेलीस, ते बरोबर केलंस. हे पहिल्या दिवशी व्हायला हवं होतं. आईला वही दिली, तशी लेकीलाही द्यायला हवी होती. संस्थेने नंतर हे काम धरलं असं ऐकते. आधीच धरलं असतं तर मी पाच दिले असते.

आणखी दोन छोट्या तक्रारी. फोन संध्याकाळी सहानंतर बंद. पोटात गोळा रात्री येतो, ऑफिसच्या वेळेत नाही. पालकांची बैठक रविवारी सकाळी दहाला पंचवटीत. नाशिकरोडहून दोन बस बदलून, ओव्हरटाइम सोडून कोण जाणार? मी तीनदा गेले. तिसऱ्यांदा कुणीतरी बाहेरून पाहुणे आले होते आणि आमचा सगळ्यांचा फोटो काढायचा होता, 'फक्त रिपोर्टसाठी'. मी उठून उभी राहिले आणि कलम ७४ म्हटलं. ताईनेच शिकवलेलं. पाहुणे गोंधळले. काकूंनी कॅमेऱ्यापुढे आपली पिशवी धरली. मग पोह्यांचा फोटो काढला गेला.

१३ सप्टेंबरला आदेश झाला. मी हमीपत्र भरलं, मुलं घरी आली. गल्लीत गणपती बसलेले होते, संध्याकाळच्या आरतीला मुलगा पुढे जाऊन घंटा वाजवत होता, जणू मध्ये काही झालंच नाही. रात्री मात्र त्याने अंथरूण ओलं केलं, आणि पुढे दीड महिना करत राहिला. मुलगी कडी लावायला तयार नव्हती. दार उघडं ठेवून झोपायचं म्हणायची. इथे या सेवेचं दुसरं अंग कामाला आलं. काकू पहिला महिना दर आठवड्याला आल्या. उपदेश नाही. एकदा येऊन मुलीबरोबर कडी शंभर वेळा लावली-काढली, मोजून. दोघी हसत होत्या. शाळेत दोन महिने बुडाले होते, त्यासाठी ताई बाईंशी बोलली, 'घरगुती अडचण' एवढंच सांगून. पण गळ्यात ओळखपत्र लटकवून गल्लीत यायची तिची खोड मला जड गेली. दुसऱ्या दिवशी नळावर तीन जणींनी विचारलं, 'कुठल्या ऑफिसच्या मॅडम?'

पैशांचं सांगते, कारण सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच असतो. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत मुलामागे महिना ४,००० रुपये मिळतात, पण घरचं उत्पन्न शहरात वर्षाला ९६,००० च्या आत हवं, खेड्यात ७२,००० च्या. मला हातात महिना १३,८०० पडतात. म्हणजे मी श्रीमंत. राज्याची बालसंगोपन योजना आहे, २०२३ पासून महिना २,२५० झाली, त्याआधी १,१०० होती. त्याचा अर्ज ताईने भरून घेतला, नवऱ्याचा ठावठिकाणा लागत नाही याचा कागद जमवायला मला पाच फेऱ्या पडल्या. यात संस्थेचा दोष नाही. पण 'अर्ज भरला' म्हणजे 'पैसे आले' असं समजून कुणी उधारी करू नका. मी केली.

कुणासाठी आहे ही सेवा? माझ्यासारख्यांसाठी, जिथे चूक झाली आहे आणि सुधारता येते. जिथे घरातच कुणी मुलाला मारतं किंवा त्याहून वाईट करतं, तिथे त्या आईबापाला तालीम देत नाहीत. बाकावर एका बापाला काकूंनी वही दिली नाही, हे मी पाहिलंय. त्याने आरडाओरडा केला. त्या उठून दुसऱ्या बाकावर बसल्या.

जाणार असाल तर सकाळी साडेदहाच्या आत पोचा, डबा न्या, कागदांच्या तीन-तीन झेरॉक्स आणि पेन. मूळ कागद कुणाच्या हातात देऊ नका, दाखवा. मुलाच्या आधारवरचा पत्ता आजच बघा. आणि काकू तुमच्याशी बोलायला लागल्या की त्यांना आधी विचारा, 'माझ्या पोराशी कोण बोलणार?'

सहा महिने संपले तेव्हा काकूंनी विचारलं, गुरुवारी सुट्टी असेल तर बाकावर येऊन बसशील का, नवीन बायांसाठी. मी नाही म्हटलं. सुट्टी एकच असते आणि ती मुलांची. काकू म्हणाल्या, 'बरं.' आणि स्विचबोर्डाच्या वर स्केचपेनने लिहिलेला कंपनीच्या गेटचा नंबर स्वतःच्या फोनवरून लावून पाहिला, लागतो का म्हणून. वॉचमनने उचलला.

'काही नाही दादा,' त्या म्हणाल्या, 'बघत होते.'